तीन पोरकी भावंडे आणि त्यांचे वाचक



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर कादंबऱ्यांची चिकित्सा पुष्कळ झाली आहे. कथानक कसे, स्वभावचित्रण कसे, भाषा कशी, याचे हिशेब वक्त्यांनी मांडले आणि श्रोत्यांनी ते ऐकून घेतले. आज मी किंचित निराळी वाट धरणार आहे. एक कादंबरी घ्यायची. मात्र पाहायचे ते तिच्या वाचकांकडे. कोणी ती छातीशी धरली, कोणी शाळेच्या यादीतून काढा म्हणाले, कोणी लेखिकेशी भांडण मांडले. पुस्तक एकच आणि त्यावरचे पडसाद इतके भिन्न, हे कसे? या प्रश्नाचा पाठपुरावा केला तर पुस्तकाबद्दल थोडे आणि स्वतःबद्दल पुष्कळ कळते, असा माझा अनुभव आहे.

ही कादंबरी अमेरिकन आहे. नाव 'द आउटसायडर्स', लेखिका एस. ई. हिंटन, प्रसिद्धीचे साल १९६७. नावाचे मराठी करू गेले तर 'वेशीबाहेरचे' हा शब्द जिभेवर येतो. परंतु आपल्या भाषेत त्या शब्दाच्या पोटी शतकांचे दुःख साठले आहे. ते ओझे या पुस्तकावर लादणे न्याय्य होणार नाही. म्हणून मी नुसते 'बाहेरची मुले' असे म्हणेन.

प्रथम कथा थोडक्यात सांगतो. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा हे लेखिकेचे गाव. कथेत गावाचे नाव येत नसले तरी वातावरण तेथलेच आहे. गावाच्या गरीब भागात कर्टिस नावाचे तीन भाऊ राहतात. थोरला डॅरी वीस वर्षांचा, मधला सोडापॉप सोळा सरून सतराव्याच्या उंबरठ्यावर, धाकटा पोनीबॉय चौदाचा. ही टोपणनावे नव्हेत बरे का. बापाने हौसेने ठेवलेली खरी नावे आहेत! आईबाप मोटार अपघातात एकदमच गेले, त्याला आठ महिने झाले आहेत. मुलांनी नीट वागावे, मग त्यांना एकत्र राहू देऊ, अशी सरकारी अट आहे. जरा पाऊल वाकडे पडले की धाकट्या दोघांची रवानगी अनाथाश्रमात होणार. ही टांगती तलवार पहिल्या पानापासून शेवटपर्यंत डोक्यावर आहे.

थोरला खेळात आणि अभ्यासात चांगला होता; कॉलेजात गेला असता. तो आता घरांवर छपरे घालण्याचे काम करतो. मधल्याने शाळा सोडली आणि तो पेट्रोल पंपावर लागला. धाकट्याने तेवढे शिकावे, एवढ्यासाठी दोघे राबतात. गावात दोन तट आहेत: केसांना तेल चोपडणारी गरीब पोरे, म्हणजे 'ग्रीझर', आणि मोटारी उडवणारी श्रीमंतांची मुले, म्हणजे 'सोश'. एका रात्री पोनीबॉय उशिरा घरी येतो, डॅरी रागाच्या भरात त्याच्या थोबाडीत मारतो, आणि पोर घरातून पळते. त्याच रात्री बागेतल्या कारंज्याच्या हौदात श्रीमंतांची टोळी त्याला बुडवू लागते. त्याला वाचवण्यासाठी त्याचा मित्र जॉनी खटक्याचा चाकू चालवतो आणि एक मुलगा मरतो. पुढे पडक्या चर्चमध्ये लपणे, तेथे लागलेली आग, आत अडकलेल्या लहान मुलांना या दोघा 'गुंडांनी' बाहेर काढणे, जॉनीचा मृत्यू, त्या दुःखाने पिसाट झालेल्या डॅलीचा पोलिसांच्या गोळ्यांनी झालेला शेवट, आणि अखेर न्यायाधीशासमोरची सुनावणी. न्यायाधीश धाकट्याला भावांकडेच राहू देतो. मग पोनीबॉय शाळेतल्या शिक्षकासाठी एक निबंध लिहायला बसतो, आणि तो निबंध म्हणजेच आपण वाचलेली कादंबरी, असे शेवटच्या ओळीत उलगडते.

आता लेखिकेविषयी. सुझन एलोइझ हिंटन ही टल्साच्या विल रॉजर्स हायस्कूलची विद्यार्थिनी. पंधराव्या वर्षी तिने लिहायला घेतले. बराचसा मजकूर सोळाव्या वर्षी झाला, आणि पुस्तक छापून आले तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिचा एक मित्र सिनेमाहून पायी घरी जाताना मार खाऊन आला, तेथून या कथेची ठिणगी पडली असे तिने सांगितले आहे. ती लिहीत होती त्याच काळात तिचे वडील मेंदूच्या गाठीच्या दुखण्याने अंथरुणावर होते, आणि त्यातच ते गेले. पोरके होणे म्हणजे काय, हे त्या मुलीने दुसऱ्याच्या घरी जाऊन पाहिलेले नव्हते. गंमत अशी की त्याच वर्षी शाळेत सर्जनशील लेखनाच्या विषयात तिला 'डी' श्रेणी मिळाली! प्रकाशकाने मुलीचे नाव पुस्तकावर घातले नाही, नुसती आद्याक्षरे घातली. टोळ्यांच्या मारामारीची गोष्ट मुलीने लिहिली आहे असे कळले तर पुरुष परीक्षक ती उघडण्याआधीच नाक मुरडतील, ही त्यांची भीती. त्यामुळे पुष्कळ मुलांनी लेखक हा आपल्यासारखाच एखादा पोरगा असावा असे धरून पुस्तक वाचले.

वाचकांचे मी चार वर्ग पाडतो: मुले, शिक्षक, आक्षेप घेणारे पालक आणि टीकाकार. पाचवा वर्ग शेवटी सांगेन.

मुलांपासून सुरुवात करू. पुस्तक निघताक्षणी गाजले असे मुळीच नाही. सुरुवातीला त्याची विक्री बेताचीच होती. पुढे प्रकाशकांच्या ध्यानात आले की मागण्या शाळांकडून येत आहेत. शिक्षक वर्गात हे पुस्तक वाचून घेत होते, कारण कधी पुस्तक पुरे न करणारी मुले हे पुस्तक पुरे करत होती. असे का झाले? हिंटनबाईंनी १९६७ सालीच 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पुस्तक पुरवणीत लेख लिहून तक्रार केली होती की कुमारांसाठी जे लिहिले जाते त्यात कुमार नसतातच. असतात ते नाचाचे समारंभ, फुटबॉलचे वीर आणि गोड शेवट. मुलांच्या खऱ्या आयुष्यात भीती असते, लाज असते, घरची वादावादी असते. ती पुस्तकात येत नाही, म्हणून मुले पुस्तकाकडे येत नाहीत. या पुस्तकात ती आली. वाचणाऱ्या पोराला वाटले, हे कोणी मोठ्याने आपल्याला शिकवण्यासाठी लिहिलेले नाही; आपल्यातल्याच कोणी आपल्याला सांगितले आहे.

आपल्याकडेही हे घडलेले आहे. १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आली, तेव्हा लेखकाचे वय २५. तरुणांनी ती समीक्षकांना विचारून वाचली नाही. वसतिगृहांतल्या खोल्यांतून ती हातोहात फिरली. वयात येण्याची गोष्ट त्या वयाच्या काठावरून सांगितली की तिला निराळाच सूर लागतो. पन्नाशीत तीच गोष्ट सांगितली तर ती आठवण होते. अठराव्या वर्षी ती बातमी असते.

मुलांच्या प्रेमाचा सर्वांत ठळक पुरावा कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोजवळच्या 'लोन स्टार' या शाळेचा आहे. १९८० साली त्या शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना पत्र पाठवले: आमच्या मुलांना हे पुस्तक फार आवडते, याचा चित्रपट करावा आणि तो तुम्ही करावा असे मुलांचे मत आहे. सोबत सातवी-आठवीतल्या शंभराहून अधिक मुलांच्या सह्या आणि पुस्तकाची एक प्रत. कोपोला म्हणजे 'गॉडफादर'चे दिग्दर्शक. त्यांच्या टपालाचे ढीग केवढे असतील! तरी ते पत्र त्यांच्यापर्यंत पोचले. १९८२ साली टल्सातच चित्रीकरण झाले, मार्च १९८३ मध्ये चित्रपट झळकला आणि तो त्या शाळेला अर्पण करण्यात आला. हिंटनबाई स्वतः एका परिचारिकेच्या छोट्या भूमिकेत दिसतात. ग्रंथालयाच्या टेबलावर केलेल्या सह्यांनी चित्रपट जन्माला घालावा, हे वाङ्मयाच्या इतिहासात वारंवार घडत नाही.

या कथेला एक शेपूट आहे, आणि माझ्या आजच्या विषयाचे मर्म त्या शेपटात आहे. १९८३ चा चित्रपट लांबू नये म्हणून त्यातून बरेच काही कापले गेले. काय कापले? मारामारी राहिली, आग राहिली, चाकू राहिला. गेले ते तीन भावांचे घर: रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मधला धाकट्याची समजूत घालतो ते बोलणे, न्यायाधीशासमोरची सुनावणी, आणि मधला भाऊ कोसळतो तो प्रसंग. मुलांनी हे अचूक हेरले. शाळेत पुस्तक वाचायचे, मग चित्रपट पाहायचा, हा तेथील परिपाठ. तेव्हा 'अमुक प्रसंग कोठे गेला?' हा प्रश्न वर्षानुवर्षे येत राहिला. कोपोलांच्या नातीच्या वर्गात हा चित्रपट दाखवण्याचे निमित्त झाले आणि २००५ साली त्यांनी सुमारे २२ मिनिटांचा भाग परत जोडून 'संपूर्ण कादंबरी' या नावाने नवी आवृत्ती काढली. मोठ्यांना वाटले होते की मुलांना मारामारी हवी. मुलांना हवे होते घर. हे तिघे एका छपराखाली राहणार की नाही, ही त्यांच्या मनाला लागलेली खरी चिंता होती.

दुसरा वर्ग शिक्षकांचा. त्यांच्याविषयी थोडक्यातच सांगतो, कारण त्यांचे काम त्यांनी मुकाट्याने केले. अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या वर्गांत हे पुस्तक आज पन्नासहून अधिक वर्षे शिकवले जाते. खपाचा आकडा दीड कोटीच्या पलीकडे गेला, त्यात शाळांचा वाटा फार मोठा. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कादंबरीतही एक शिक्षक आहे. नापास होऊ घातलेल्या पोनीबॉयला तो म्हणतो की चांगला निबंध लिहून आण, तुला वर काढतो. त्या एका सवलतीतून सगळे पुस्तक जन्मते. शिक्षकवर्गाला हे पुस्तक प्रिय झाले, याचे मला नवल वाटत नाही.

आता तिसरा वर्ग, आक्षेप घेणाऱ्या पालकांचा. त्यांची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. मुलाच्या हातातले पुस्तक उघडून पाहणारा पालक हा बेफिकीर पालकापेक्षा केव्हाही बरा. या पुस्तकात चौदा वर्षांचा मुलगा सिगारेट ओढतो, दारूचा उल्लेख येतो, एक खून होतो. अमेरिकन ग्रंथालय संघाने १९९० ते १९९९ या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या शंभर पुस्तकांची यादी केली, तीत हे आहे. परंतु मला विचारात पाडले ते १९८६ सालच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या साउथ मिलवॉकी गावच्या तक्रारीने. दारू आणि मादक द्रव्यांची बाब तीत होतीच. शिवाय दुसरा मुद्दा असा होता की या पुस्तकातली जवळजवळ सगळी पात्रे मोडलेल्या घरांतली आहेत.

श्रोतेहो, हा आक्षेप क्षणभर तळहातावर घेऊन पाहू. मोडलेले घर म्हणजे काय? जॉनीचे आईबाप दोघेही जिवंत आहेत. बाप मारतो, आई त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. इस्पितळात मरणाच्या दारी पडलेला तो मुलगा आईला भेटायचे नाकारतो. जो श्रीमंत मुलगा चाकूने मेला, त्या बॉबचेही आईबाप आहेत. पैसा आहे, मोटार आहे. पण त्याचा मित्रच सांगतो की त्याला कोणी कधी 'नाही' म्हटले नाही. कोणी तरी एकदा अडवावे एवढेच त्याला हवे होते. आणि ज्यांचे आईबाप खरोखर गेले, त्या कर्टिस भावांच्या घरी मात्र रात्री उशीर झाला तर वाट पाहणारे कोणी तरी आहे, परीक्षेत गुण कमी पडले तर रागावणारे कोणी तरी आहे, आणि अर्ध्या रात्री येणाऱ्या मित्रासाठी दार उघडे आहे. सरकारदरबारी नोंद पाहिली तर अनाथ कोण? हे तिघे. पुस्तक वाचून झाल्यावर अनाथ कोण? जॉनी आणि बॉब. त्या तक्रारदारांनी जे घर मोडलेले म्हणून दाखवले, तेच साऱ्या पुस्तकातले एकमेव उभे घर होते.

ही गोष्ट मुलांना सांगावी लागली नाही. मोठ्यांना मात्र चाकू आधी दिसला.

चौथा वर्ग टीकाकारांचा. यांचे म्हणणे गंभीरपणे घेतले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. १९६७ सालीच 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये टॉमस फ्लेमिंग यांनी सूचित केले की प्रसंग साच्यातले आहेत, पण लेखिकेचा प्रामाणिकपणा त्या साच्यावर जवळजवळ मात करतो. १९८६ साली 'द नेशन'मध्ये मायकेल मलोन यांनी अधिक कडक भूमिका घेतली: या कादंबऱ्यांना वास्तववादी म्हणतात, पण त्या वास्तवापेक्षा पुराणकथेच्या अधिक जवळ आहेत. २००७ साली, पुस्तकाला चाळीस वर्षे झाली तेव्हा, कादंबरीकार डेल पेक यांनी दाखवून दिले की यात सॅलिंजरसारख्या आधीच्या लेखकांचे प्रतिध्वनी जागोजाग ऐकू येतात. पण तेवढ्यावरून पुस्तकाला मोडीत न काढता त्यांनी त्याचे गुणही मान्य केले.

माझे मत विचाराल तर यातले बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत. योगायोग फार आहेत. चर्चला आग नेमकी हवी तेव्हाच लागते. पोरे अधूनमधून फार शहाणपणाचे बोलतात. पण त्याच वेळी मी असेही विचारीन की चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःचे आयुष्य पुराणकथेसारखे भव्य आणि भयंकर वाटत नाही का? त्या वयात प्रत्येक मित्र कर्ण असतो आणि प्रत्येक अपमान द्यूतसभेचा असतो. टीकाकार ज्याला दोष म्हणतात, तो त्या वयाचा नजरेचा कोन आहे. तो जसाच्या तसा कागदावर उतरला, कारण लेखिकेची नजर अजून त्या कोनातून सरकली नव्हती. साहित्यगुण म्हणून त्याचे मोल कमीअधिक ठरवा; साक्ष म्हणून ते मोठे आहे.

येथे लेखक आणि वाचक यांच्या हक्काचा एक तंटाही सांगितला पाहिजे. जॉनी आणि डॅली यांना का मारलेत, असे मुले हिंटनबाईंना आजवर विचारत आली. हा प्रश्न तक्रारीचा आहे आणि प्रेमाचाही. २०१६ साली मात्र एका समाजमाध्यमावर निराळा प्रश्न आला: या दोघा मित्रांत अनुराग होता काय? लेखिकेने उत्तर दिले की मी तसे लिहिलेले नाही. त्यावर बरेच तरुण वाचक दुखावले. त्यांचे म्हणणे असे की आम्ही स्वतः बाहेरची मुले आहोत, आम्हाला या पुस्तकात स्वतःसाठी जागा दिसली, ती तुम्ही का नाकारता? दोन्ही बाजूंचे मला पटते. लेखिकेला आपल्या मनात काय होते ते सांगण्याचा हक्क आहे. पण पुस्तक एकदा दुसऱ्याच्या घरी नांदायला गेले की माहेरच्यांनी तेथल्या प्रत्येक गोष्टीत हुकूम चालवू नये, हेही खरे.

आता पाचवा वर्ग. हे वाचक म्हणजे पहिल्याच वर्गातली मुले, पण वीस वर्षांनी पुन्हा पुस्तक उघडणारी. चौदाव्या वर्षी वाचणारा पोनीबॉयच्या बाजूने असतो. डॅरी त्याला खडूस वाटतो: सदा रागावणारा, सदा हिशेब मांडणारा. तिशी उलटल्यावर तोच वाचक पुन्हा वाचतो आणि त्याला धक्का बसतो. हा डॅरी अवघा वीस वर्षांचा आहे! वीस वर्षांच्या पोराने कॉलेज सोडले, पाठीवर छपराचे गठ्ठे वाहिले, दोन भावांचे पोट भरले, आणि वर सरकारी माणसापुढे आपण योग्य पालक आहोत हे सिद्ध करत राहिला. त्याची थोबाडीत वाईटच होती. पण ती कोणत्या भयातून आली, हे चौदाव्या वर्षी दिसत नाही. ज्याने एकदा दोन माणसे एकदम गमावली, त्याला तिसरे हरवण्याची धास्ती किती असेल!

आणि मधला सोडापॉप! सदा हसरा, कोणाची तक्रार नाही. त्याने आपल्या आवडत्या मुलीला पाठवलेले पत्र न उघडता परत येते, आणि घरात कोणाला त्याची दादही नसते. शेवटी तो एका रात्री फुटतो. तुम्ही दोघे भांडता आणि मला दोन्हीकडून रस्सीखेचीतल्या दोरासारखे ओढता, असा त्याचा आक्रोश आहे. घरातल्या मधल्या मुलांना हा प्रसंग कसा लागतो, हे समोर बसलेल्या मधल्या मुलांनी स्वतःला विचारावे.

मराठी मनाला पोरक्या भावंडांचे चित्र नवे नाही. आळंदीची चार भावंडे आपण सातशे वर्षे हृदयात वागवली आहेत. निवृत्तिनाथ थोरले बंधू आणि गुरूही. ज्ञानदेव रुसून दार लावून बसले तेव्हा ताटी उघडायला विनवणारी मुक्ताबाई सर्वांत धाकटी. थोरल्याने बाप व्हायचे आणि धाकटीने प्रसंगी आई व्हायचे, ही रीत आपण तेथे पाहिली. मात्र ते थोर होते, म्हणून त्यांचे पोरकेपण आपण पूजेत बसवले. उलट १९३५ सालच्या 'श्यामची आई'ने घरोघर जे कुमारमन घडवले, त्याच्या केंद्रस्थानी आईच होती. हिंटनच्या कादंबरीत आई पहिल्या पानाआधीच गेलेली आहे. तिची जागा कोणी भरत नाही. तिघे मिळून त्या रिकाम्या जागेभोवती संसार मांडतात, एवढेच.

हे सर्व आज आपल्या गावात का बोलायचे? माझ्या ओळखीच्या एका घरी २०२१ सालच्या साथीत आई आणि वडील दोघेही तीन आठवड्यांच्या अंतराने गेले. मागे राहिली एकवीस वर्षांची मुलगी आणि शाळेत जाणारे दोन भाऊ. नातेवाईक भले होते. एकाने थोरल्या मुलाला नेतो म्हटले, दुसऱ्याने धाकट्याला. मुलीने हात जोडून नकार दिला आणि पुढचे शिक्षण सोडून एका दुकानात हिशेबाच्या कामाला लागली. पुढे कधी तरी मी तिला या कादंबरीची कथा सांगितली. मारामारी, आग, कोर्ट, सगळे तिने शांतपणे ऐकले. मग तिने एकच विचारले, "काका, त्या डॅरीला कोणी 'तू जेवलास का' असे विचारायचे का हो?"

फ्लेमिंग, मलोन, पेक यांच्यापैकी कोणी हा प्रश्न विचारलेला माझ्या वाचनात नाही. पण कादंबरीवर उमटलेल्या साऱ्या प्रतिक्रियांत मला हीच सर्वांत मोलाची वाटते. पोरक्या घरात मदत पोचते ती धाकट्यांपर्यंत. त्यांची पुस्तके, त्यांची फी, त्यांचे कपडे. थोरले भावंड कायद्याने सज्ञान असते, म्हणून ते आपल्या करुणेच्या यादीतून गळते. अठरा वर्षे पुरी झाली की मूल मोठे झाले, असे सरकार म्हणते. त्याचे ते कामच आहे. शेजाऱ्यांनी तसे म्हणण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट ग्रंथालयांची. ज्या १९६७ साली हे पुस्तक निघाले, त्याच साली आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. गावोगाव वाचनालये आहेत, त्यांत बालविभाग आहेत. पण बालविभागातून बाहेर पडलेला आणि मोठ्यांच्या कपाटापर्यंत न पोचलेला मुलगा उभा राहतो तो मधल्या बोळात. त्याच्या हाती आपण काय देतो? बोधकथा दिली तर तो परत करतो. फ्रेस्नोच्या त्या ग्रंथपाल बाईंनी एवढेच केले: न वाचणाऱ्या मुलांना वाचावेसे वाटेल असे पुस्तक दिले, आणि ती वाचून काय म्हणतात ते ऐकले. ऐकले, हे महत्त्वाचे. पुस्तक देणारे पुष्कळ असतात. वाचून झाल्यावर 'तुला काय वाटले?' असे विचारून उत्तरासाठी थांबणारे थोडे.

त्या घराचे पुढे काय झाले, तेही सांगतो. चित्रपटात भावांचे घर म्हणून दाखवलेली टल्सातली ती साधी लाकडी वास्तू मोडकळीस आली होती. २०१६ साली संगीतकार डॅनी बॉय ओ'कॉनर यांनी ती विकत घेतली, लोकवर्गणीच्या साहाय्याने दुरुस्त केली, आणि २०१९ साली ती संग्रहालय म्हणून उघडली. २०२४ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर या कथेचे संगीत नाटक आले आणि त्याला सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा टोनी पुरस्कार मिळाला. काल्पनिक भावांचे काल्पनिक घर, पण त्याचे छप्पर खऱ्या वाचकांनी खऱ्या पैशाने शाकारले. थोरला भाऊ छपरे घालणारा होता, हे त्यांच्या ध्यानात असेल.

आपल्या गल्लीत असे एखादे घर असेल. तेथे काल्पनिक काहीच नाही. तेथे पुढच्या वेळी जाल तेव्हा धाकट्यांसाठी खाऊ न्याच; पण थोरल्याच्या किंवा थोरलीच्या शेजारी घटकाभर बसा आणि जेवण झाले का ते विचारा.